पुढच्या अपडेटात काय हवं, आणि कशाला हात लावू नये

सोलकढी, फोंडा

मंडळी, धागा काढायला कारण आमची आई. वय ७१, फोन दोन वर्षांपूर्वी घेतलेला. परवा सकाळी मावशीचा फोन वाजला. आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि फोनकडे बघत नुसती उभी राहिली. हिरवा गोळा वर ओढायचा, एवढं तिला शिकवायला मला दीड महिना लागला होता. त्या जागी आता आडवी पट्टी. उजवीकडे सरकवली की फोन घेतला, डावीकडे सरकवली की कापला. आईने सवयीने वर ओढून बघितलं, काही होईना. मग घाबरून कुठेतरी सरकवली आणि फोन कटला. मावशीला वाटलं, ही रागावली. दोघींचं दोन दिवस बोलणं बंद. (चवथीच्या नेवऱ्यांवरून आधीच थोडं झालं होतं, ते सोडा.)

रात्री उशाशी ठेवला तो एक फोन आणि सकाळी हातात आला तो दुसराच. कोणी विचारलं नाही की सांगितलं नाही.

तर पुढच्या अपडेटकडून तुम्हाला काय हवंय? अँड्रॉइडवाले, आयफोनवाले, सगळ्यांनी लिहा. माझी मागणी एकच. सुरक्षेची ठिगळं दर महिन्याला लावा, रोज लावा, पण घरातलं सामान हलवू नका. हलवायचंच असेल तर आधी कडी वाजवा.


फेरीतला प्रवासी, चोडण

मी पयलो! सविस्तर मागाहून लिहितो, फेरीबोट लागली.


अर्धाचार्ज, म्हापसा

ताई, माझं मोबाईल रिपेरीचं दुकान आहे. ती पट्टी आली त्या आठवड्यात "फोन बिघडला" म्हणत रोज चार-पाच माणसं यायची. बिघडलं काहीच नव्हतं. एका काकांनी तर डिस्प्ले बदलून द्या म्हणून हट्टच धरला, पैसे काढून काउंटरवर ठेवले.

पण तुमच्या आईच्या फोनला जे झालं ते खरं तर सिस्टीमचं अपडेट नव्हतंच. लोक ज्याला एका नावाने शिव्या घालतात त्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. वर्षाकाठी मोठी आवृत्ती येते, जशी अँड्रॉइड १६ ही १० जून २०२५ ला आधी गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनांवर आली. महिन्याचे सुरक्षेचे पॅच निराळे. ते गूगलने ऑगस्ट २०१५ पासून नेमाने सुरू केले, स्टेजफ्राइट नावाचं भोक सापडलं त्यानंतर. नुसता एक मेसेज पाठवून समोरच्याचा फोन ताब्यात घेता येत होता, म्हणजे बघा. आणि या दोन्हीहून निराळी ती ॲपं. फोन घ्यायचं, मेसेजचं, कीबोर्डचं, ही सगळी आता सुटी ॲपं आहेत आणि ती ॲपच्या दुकानातून आपली आपण बदलतात. त्यातही गंमत अशी की नवं रूप ॲपमध्ये कधीचंच येऊन बसलेलं असतं, कंपनी लांबून फक्त बटण दाबते. त्या रात्री तुम्ही काही डाउनलोड केलं नाही तरी सकाळी चेहरा नवा.

म्हणून "अपडेट नको" एवढं मागून भागणार नाही. ज्या बटणांवर माणसाचा हात बसलाय, फोन घेणं, कापणं, टॉर्च, गजर बंद करणं, ती बटणं त्या माणसाच्या होकाराशिवाय हलू नयेत, असं मागा. आणि ते सिस्टीमने बघायला हवं, एकेका ॲपच्या मर्जीवर नको.


सोलकढी, फोंडा

दंडवत घ्या! मला हेच म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते. हात बसलेली बटणं. आईला वाचून दाखवलं. म्हणाली, त्या माणसाला नेवऱ्या पाठव.


जावई पुण्याचा, पणजी

आयफोन घ्या, विषय संपला. (पळतो.)


केपेकरीण

पळू नका जावईबापू, इकडे या. ते काचेचं प्रकरण कोणाचं? माझ्या भाचीचा फोन बघितला, मागचं चित्र दिसतंय, वरची अक्षरं दिसतायत, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून काहीच दिसत नाही. खतखतं झालंय नुसतं.


जावई पुण्याचा, पणजी

मान्य. १५ सप्टेंबर २०२५ ला आयफोनचं आयओएस २६ आलं त्यात ते लिक्विड ग्लास आणलं. (आकडा १८ वरून थेट २६ वर कसा गेला विचारू नका, सालाशी जुळवून घेतलाय.) ओरड झाली तेव्हा २६.१ मध्ये काच जरा गढूळ करायची सोय दिली. आधी खिडकी बसवली आणि मग पडदा.

पण सोलकढीताईंची मागणी अशक्य नाही हे ॲपलनेच दाखवलं होतं. २०२१ मध्ये आयओएस १५ आलं तेव्हा सेटिंगमध्ये दोन पर्याय होते: नव्यावर या, किंवा १४ वरच राहा आणि सुरक्षेचे पॅच तेवढे घ्या. मी मुद्दाम जुन्यावर राहिलो होतो. काही महिन्यांत ती सोय गुंडाळली, पण काही काळ तरी चालली ना? म्हणजे करता येतं. करायचं नसतं.

अवांतर: वयस्कर मंडळींसाठी आयओएस १७ पासून असिस्टिव्ह ॲक्सेस आहे, मोठी बटणं, मोजकी ॲपं. सॅमसंगवर इझी मोड आहे. ताईंनी आईंसाठी बघावं.


सोलकढी, फोंडा

बघितलंय हो. आईच्या फोनमध्येही तसलं काहीसं होतं, लावून दिलं. संध्याकाळपर्यंत तोंड पाडून बसली होती. मग म्हणाली, "हा लहान पोरांचा फोन का दिलास मला?" तिला भजनाचे व्हिडिओ बघायचे असतात, माटोळीचे फोटो गटावर टाकायचे असतात, भावाच्या सुनेच्या स्टेटसवर नजर ठेवायची असते. तिला कमी काही नकोय. आहे ते आहे तिथेच हवंय.


फेरीतला प्रवासी, चोडण

आता बसलोय निवांत. रायबंदरच्या बाजूला रांग आहे आणि वर धो धो.

मला अपडेटमध्ये पाऊस हवाय. म्हणजे फोनला पाऊस कळायला हवाय. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. या चार महिन्यांत माझा फोन माझा नसतो. आत्ताचंच सांगतो. ऑफिसमधून साहेबांचा फोन आला. स्क्रीनवर चार थेंब, माझा अंगठा पाचवा. त्याने पाचही बोटंच धरली. आधी फोन म्यूट झाला, मग स्पीकर लागला, मग कॅमेरा उघडला, आणि साहेबांना फेरीच्या छताचं थेट दर्शन झालं. खिशात ठेवला तर ओल्या कापडातून स्वतःच कुणाकुणाला फोन लावतो. मागच्या जुलैत त्याने माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सकाळी पावणेसहाला लावला होता. ते अजून विचारतात, काय काम होतं?

हवं ते एवढंच: पाऊस मोड. वरून एकदा ओढला की बटणं मोठी आणि मोजकी, एका वेळी एकच बोट मानायचं, आणि महत्त्वाच्या गोष्टीला बाजूचं खरं बटण दाबायला लावायचं. दाबायची बटणं अजून दोन-तीन उरलीयत फोनला, ती काय नुसती आवाज वाढवायला?


केपेकरीण

+१. नाही, +१००. माझी छोटी खानावळ आहे, पहाटे मडगावच्या मासळी बाजारात असते. बांगडे घेतले, हाताला खवले आणि बर्फाचं पाणी, मासळीवालीच्या पाटीशेजारी क्यूआर लटकतोय, आणि फोनला माझं बोट ओळखू येत नाही. आता यूपीआयला आकड्यांऐवजी बोटाचा ठसा चालतो म्हणे, ऑक्टोबर २०२५ पासून. छान. ज्या बाईचा हात दिवसभर कोरडा असतो तिच्यासाठी छान. मी नाक लावून पाहिलंय, खरंच सांगते, नाकाने आकडे दाबता येतात. मागच्या रांगेतल्या बायका हसतात.

मासळीवालीचं वेगळंच. तिचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला वरून रबर. ती पिशवीतूनच सगळं करते, आणि माझ्याहून पटापट.


अर्धाचार्ज, म्हापसा

वहिनी, पिशवीचं कारण सांगतो. स्क्रीनखाली बारीक तारांची जाळी असते, तिच्यावर विजेचा अगदी हलका भार. बोट जवळ आलं की त्या जागचा भार बदलतो आणि फोनला जागा कळते. पाण्यानेही तो बदलतो, खाऱ्या पाण्याने जास्तच, म्हणून थेंब म्हणजे फोनला बोट. पिशवी कोरडी आणि ताणलेली असली की पाणी काचेवर पसरत नाही आणि बोटाचा भार पातळ प्लास्टिकमधून पोचतो. तुमच्या मासळीवालीने न शिकता बरोबर केलंय.

पावसातला स्पर्श ओळखणारी सोय वनप्लसने २०२३ पासून काही फोनमध्ये दिलीय, म्हणजे थेंब आणि बोट वेगळं काढता येतं. सॅमसंगवर सेटिंगमध्ये शोधा, आवाज वाढवायच्या बटणाने फोन घ्यायची सोय आहे. प्रवासीबाब, तुमची अर्धी मागणी तिथेच भागेल. पण प्रत्येक कंपनीच्या सेटिंगमध्ये वेगळ्या बिळात लपवलेलं, त्याचा काय उपयोग? अँड्रॉइडमध्येच हवं, सगळ्यांना सारखं.

आणि जाता जाता हात जोडून विनंती. भिजलेला फोन तांदळात घालू नका. तांदूळ फोनमधलं पाणी ओढत नाही, उलट पीठ आणि कणी चार्जिंगच्या भोकात जाते आणि ती मी सुईने काढत बसतो. उकडा तांदूळ तर मुळीच नको. म्हणजे जेवणाच्या दृष्टीनेही नको, महाग आहे.


घुमट, डिचोली

मी निवृत्त मराठीचा मास्तर. कीबोर्डावर बोलणार आहे, तेवढं सोसा.

आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मी लिहिलं, "रविवारी सकाळी दर्यावर जमूया." फोनने स्वतःची अक्कल लावून केलं, "दऱ्यावर जमूया." दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या. मला मिरामारला जायचं होतं. दोघांनी विचारलं, सर, चोर्ला घाटात किती वाजता? फरक केवढासा? एकात र हा य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात य च्या आधी कोयत्यासारखा आडवा येतो. युनिकोडमध्ये या कोयत्याची नीट सोय आहे: ऱ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा, य जोडायचा. यंत्राला दोन्ही येतात. पण कुठे कोणता, हे वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही, आणि वाक्य तो वाचत नाही. शेजारचा एक शब्द बघतो आणि ठोकून देतो.

दुसरं बोलून लिहिण्याचं. आमच्या तोंडी मराठी, कोंकणी आणि पोर्तुगीजांनी मागे ठेवलेले शब्द एकाच दमात येतात. मी बायकोला निरोप बोललो, "पाऊस येतोय, जनेल बंद कर." जनेल म्हणजे खिडकी. गेलं, "पाऊस येतोय, जनरल बंद कर." तिने विचारलं, कोणता जनरल? चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला इतकं हसलेलं मी पाहिलं नव्हतं.

आणि ती नकाशातली बाई! रस्त्यावरच्या पाट्या अजून पोर्तुगीज वळणाच्या रोमन स्पेलिंगच्या, आणि ती ते स्पेलिंग इंग्रजीसारखं वाचते. साखळीचं "सँक्वेलिम", केपेचं "क्वेपेम", चोडणचं "चोराओ", आणि आमच्या डिचोलीचं "बिकोलिम". मुंबईहून आलेला माझा पुतण्या अस्नोड्यापर्यंत आला आणि फोन करून विचारतो, काका, बिकोलिम तुमच्याच गावाजवळ आहे का? अरे, तेच आमचं गाव.

संपर्कांच्या यादीत नावाचा उच्चार वेगळा लिहून ठेवायची जागा असते, दोन्ही प्रकारच्या फोनांत. तशीच जागांच्या नावांना द्या. मी माझ्या तालुक्याची सगळी भरून देतो, फुकट. शिक्षकांना सुट्टीत कामं लावायची सवय सरकारला आहेच, तेव्हा ही एक फोनवाल्यांनी लावावी.


जावई पुण्याचा, पणजी

सर, साष्टांग. आयओएस १८ पासून सिरीला इंग्रजीत मराठी मिसळून बोललेलं चालतं. कुलूपपडद्यावरच्या घड्याळाला देवनागरी आकडेही लावता येतात. पण 'जनेल' तिला कळणार नाही याची खात्री देतो. मलाच लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. सासूबाई "जनेल उघड" म्हणाल्या की मी फ्रीज उघडायचो.


दोन माड, सासष्टी

मराठीचं ठीक आहे, फोन मराठीत तरी लावता येतो. म्हाका जाय ती पुराय कोंकणी, म्हणजे पूर्ण कोंकणी. सेटिंगपासून गजरापर्यंत. आठव्या परिशिष्टात १९९२ मध्ये आली, गूगलच्या भाषांतरात मे २०२२ मध्ये आली, मग फोनच्या मेनूत यायला काय धाड भरलीय? आणि आली तर रोमी, म्हणजे रोमन, लिपीत पण हवी, आमच्या घरात सगळे रोमीतच वाचतात.


फेरीतला प्रवासी, चोडण

लिपीचा विषय निघाला. आता हा धागा चवथीपर्यंत चालणार. पॉपकॉर्न नाही, चणे घेऊन बसतो.


सोलकढी, फोंडा

लिपीवर वेगळा धागा काढा, मी येते आणि भांडतेही. इथे नको. दोन माड यांची मूळ मागणी रास्त आहे आणि ती दोन्ही लिप्यांत रास्त आहे. पुढे.


घुमट, डिचोली

एकच ओळ, मग गप्प. भारतात विकायच्या फोनवर २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भाषेत टंकता आलं पाहिजे, असं मानक आहे, आयएस १६३३३. पण अक्षर दिसलं की पास. बरोबर दिसतंय का, हे तपासायला मास्तर नाही. माझ्या फोनची भाषा इंग्रजी ठेवली की मराठी मजकुरातला ल आणि श हिंदी वळणाचा होतो, मराठी ठेवली की सुधारतो. म्हणजे आमचा ल त्याच्याकडे आहे. मागितल्याशिवाय देत नाही.


सत्तरीकर, वाळपई

तुम्ही सगळे नेटवर्क असलेल्या जगात राहता म्हणून ल आणि श वर भांडता.

आमच्याकडे चोर्ला घाट चढायला लागलं की फोन वेडा होतो. कधी गोव्याचा टॉवर, कधी कर्नाटकाचा. गोवा मोबाईलच्या नकाशावर महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये, त्यामुळे त्या बाजूला काही जाणवत नाही. पण कर्नाटकाचा एक काटा दिसला की स्वागताचा मेसेज, वळण घेतलं की तो गायब. सिग्नल कमी झाला की फोन जास्त जोर लावून टॉवरला हाका मारत राहतो आणि त्यात बॅटरी जाते. सकाळी भरलेला फोन, केरीपासून वर जाऊन परत येईपर्यंत निम्मा. आणि काही बघितलेलं नसतं, खिशातच असतो!

फोनला हे माहीत असतं. मी याच रस्त्याने पंधरा वर्षं जातोय. माझी ऑफिसची वेळ त्याला पाठ आहे, दुपारी कुठे जेवतो ते पाठ आहे, "या खानावळीला किती तारे?" विचारतो. मग या पट्ट्यात नेटवर्क नाही, उगाच हाका मारू नको, वर पोचल्यावर एकदा बघ, एवढं का कळू नये? मला हे एकच फीचर द्या, बाकी काच, पट्टी, गोळा, काय हवं ते करा.


जावई पुण्याचा, पणजी

सॅटेलाइट? आयफोन १४ पासून आहे, अँड्रॉइड १५ मध्येही तशी सोय घातलीय.


सत्तरीकर, वाळपई

बाहेरच्या देशांत. इथे परवान्याशिवाय सॅटेलाइटचं यंत्र बाळगणं हाच गुन्हा. दाबोळी विमानतळावर पर्यटक तसली यंत्रं घेऊन उतरतात आणि समुद्राऐवजी पोलीस स्टेशन बघतात. आकाशातलं राहू दे. आधी जमिनीवरचं.


घुमट, डिचोली

सत्तरीकर, नेटवर्क नसण्याचे उपकारही असतात. गप्प बसणार म्हणालो होतो, पण हे सांगायला हवं. घरात अजून सगळ्यांना सांगितलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात तुमच्या बाजूला, पाहुण्यांकडे होतो. फोन आला. गोड आवाज, शुद्ध मराठी, माझं नाव, पेन्शन कुठल्या शाखेत येते ते सगळं बरोबर. केवायसी संपलं, आज रात्री खातं गोठणार. मी विद्यार्थ्यांना चाळीस वर्षं "विचार करून उत्तर द्या" सांगितलं, आणि त्या बाईने मला विचार करायला चाळीस सेकंदही दिले नाहीत. तिने एक फाईल पाठवली, मी ती ॲप म्हणून बसवली. फोनने विचारलं, परवानगी द्यायची? ती म्हणाली, द्या सर. दिली. मग ती म्हणाली, आता तुमची स्क्रीन मला दिसू दे. तेही केलं. तिचं "सर" फार गोड होतं हो.

आणि तेवढ्यात नेटवर्क गेलं. तुमच्या सत्तरीचं नेटवर्क. परत येईपर्यंत दहा मिनिटं गेली, त्या दहा मिनिटांत पाहुण्यांचा मुलगा बाहेरून आला आणि त्याने फोन माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला.

मला अपडेटमध्ये तो मुलगा हवाय.


सोलकढी, फोंडा

सर.

काही लिहवत नाही. सांगितलंत ते फार बरं केलंत. आईला आत्ताच्या आत्ता वाचून दाखवते.


अर्धाचार्ज, म्हापसा

सर, लाज तुम्हाला नाही, त्यांना वाटायला हवी. माझ्या काउंटरवर डॉक्टर आले, वकील आले, एक बँकेतले निवृत्त अधिकारी पण आले. असं काही झालं तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावायचा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. सगळ्यांनी लिहून ठेवा, फोनमध्ये नको, भिंतीवर.

तो मुलगा थोडा थोडा यायला लागलाय. अँड्रॉइड १५ मध्ये स्क्रीन दाखवताना ओटीपीच्या सूचना झाकल्या जातात. १६ मध्ये, संपर्कांच्या यादीत नसलेल्या माणसाशी बोलणं चालू असताना बाहेरचं ॲप पहिल्यांदा बसवायला किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यायला गेलात तर फोन अडवतो. ती परवानगी म्हणजे घराची किल्ली: तुमच्या जागी बसून तोच बटणं दाबू शकतो. सरांचा प्रसंग नेमका याच दोन पायऱ्यांवर होता.

पण हे सगळं नव्या आवृत्तीत, आणि सरांच्या हातातला फोन बहुतेक जुना. माझं मागणं त्यापुढचं. घरातलं एक विश्वासाचं माणूस फोनला सांगून ठेवता यावं. अनोळखी फोन चालू असताना किल्ली द्यायची वेळ आली तर त्या माणसाला विचारणा जावी, आणि त्याने हो म्हणेपर्यंत थांबावं. लहान पोरांसाठी आईबापांच्या परवानगीची सोय आहेच ना? तीच उलटी करा.


केपेकरीण

पण अर्धाचार्जबाब, त्यात वाद होणार. माझे सासरे म्हणतील, माझे पैसे, माझा फोन, सुनेला कशाला विचारायचं? आणि ते चूक आहेत असं मला म्हणता येत नाही. काही घरांत त्या विश्वासाच्या माणसापासूनच जपायची वेळ असते.


अर्धाचार्ज, म्हापसा

खरं आहे वहिनी. मग माणूस ज्याचा त्याने निवडावा, कधीही बदलावा, आणि त्या माणसाला फक्त "थांब" म्हणता यावं, आत डोकावता येऊ नये. खात्यात किती आहेत ते दिसायचं कारण नाही.


फेरीतला प्रवासी, चोडण

पलीकडे पोचलो, ऑफिसात आहे. साहेबांनी फेरीच्या छताबद्दल विचारलं.

पण दादा, हे १५ आणि १६ मिळणार कुणाला? पिक्सेल ८ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, गूगल सात वर्षं अपडेट देणार म्हणते. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस २४ ला तेच कबूल केलं. किमती बघा आणि मग आमच्या फेरीत किती जणांकडे आहेत ते मोजा. दहा-बारा हजारांचा फोन दोन-तीन वर्षांत वाऱ्यावर. आणि फसवायला फोन येतात ते याच लोकांना.

युरोपात २० जून २०२५ पासून नियम आलाय. एखादं मॉडेल विकणं बंद केल्यानंतरही निदान पाच वर्षं अपडेट द्यायचे, आणि बॅटरी ८०० वेळा भरल्यानंतर निदान ८० टक्के उरली पाहिजे. तेच कारखाने, त्याच कंपन्या. मग इथे का नाही?


अर्धाचार्ज, म्हापसा

कारण अपडेट एका हातातून येत नाही. गूगल सोडतं, मग चिपवाल्याने आपला भाग जुळवायचा, मग फोनवाल्याने आपली रंगरंगोटी. चिपवाल्याने जुन्या चिपकडे पाठ फिरवली की फोनवाल्याने कितीही ठरवलं तरी काम जड. हा गुंता सोडवायला २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर ट्रेबल नावाची सोय आणली, म्हणजे चिपचा भाग वेगळा ठेवायचा आणि वरचा मजला तेवढा बदलायचा. फरक पडला. पण स्वस्त फोनात अपडेटवर खर्च करून कंपनीला मिळतं काय? तुम्ही नवा घेत नाही, एवढंच.

लोकही अपडेटला भितात, त्याला तेही काय करणार. "मध्येच लाईट गेली तर फोन मरेल" म्हणून जूनमध्ये कोणी हातच लावत नाही. आता भिवपाची गरज ना: अँड्रॉइड ७ पासून बऱ्याच फोनांत सिस्टीमच्या दोन जागा असतात, नवी शेजारच्या रिकाम्या जागेत भरते, तोवर तुम्ही जुनीच वापरता. मध्ये काही फिसकटलं तर फोन जुन्यावर उठतो. लाईट गेली तर गेली.


दोन माड, सासष्टी

लाईट गेली तर गेली, हे वाक्य गोव्यातला माणूसच इतक्या शांतपणे लिहू शकतो.


सोलकढी, फोंडा

आत्ताच हाक आली. आईच्या फोनवर पाटी आलीय, अपडेट तयार आहे, फोन बंद करून चालू करायचा. मी इथूनच ओरडले, "थांब, 'नको' वर दाब, मी येते."

आतून उत्तर: "नको कुठे लिहिलंय? इथे 'आता' आणि 'आज रात्री' एवढंच आहे."

आले बघून.